बर्फ कसा लावावा: ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका नुकतंच वेगळं बिऱ्हाड केलेल्या, लग्न होऊन डोंबिवलीत आलेल्या किंवा आईवडील गावाला गेल्यामुळे फ्रीजरचं दार प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर उघडणाऱ्या मंडळींसाठी आहे. फ्रीजबरोबर एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका येते. ती हमीपत्रासह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवावी. तिच्यातल्या चित्रात फ्रीजरमध्ये बर्फाचा एक ट्रे, आइस्क्रीमचे दोन कप आणि बाकी सगळी मोकळी जागा दाखवलेली असते. मोकळी जागा! ज्यांनी ते चित्र काढलं त्यांनी नौपाड्यातला किंवा पेंडसेनगरातला एकही फ्रीजर उघडून पाहिलेला नाही, एवढंच त्यावरून समजावं.

आधी फ्रीज घरात येऊ द्या

फ्रीज घेताना लोक लिटर विचारतात, स्टार विचारतात, एक्स्चेंजमध्ये जुन्याचे किती देणार ते तर दोनदा विचारतात. जिन्याची रुंदी कोणी विचारत नाही. डोंबिवलीच्या रामनगर-टिळकनगर भागातल्या जुन्या तीन मजली इमारतींचे जिने बांधले गेले तेव्हा वर चढवायची सर्वांत रुंद वस्तू म्हणजे लोखंडी कपाट. दुकानदार "बसेल हो" म्हणतो, पण त्याच्या डोळ्यासमोर त्याचं दुकान असतं. तेव्हा टेप घेऊन आधी जिन्याचं वळण मोजा, मग स्वयंपाकघराचं दार, आणि सगळ्यात शेवटी फ्रीज.

टेम्पोत आडवा घालून आणलेला फ्रीज लगेच चालू करू नये. कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. ते खाली उतरायला काही तास उभा राहू द्यावा. हा वेळ पूजेसाठी उत्तम. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे नारळ. संध्याकाळी हा नारळ फोडतात, खवतात, निम्मा आमटीत जातो आणि निम्मा डब्यात भरून फ्रीजरात. म्हणजे पहिल्याच दिवशी, पाण्याचा थेंब गोठायच्या आत, नारळाने जागा धरलेली असते. हा क्रम नीट ध्यानात ठेवावा. इथून पुढे फ्रीजरात बर्फाचा नंबर नेहमी नारळानंतरच लागणार आहे.

तशी बर्फाची आपल्याकडची वहिवाट जुनी आहे. अमेरिकेतल्या तळ्यांवर हिवाळ्यात कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून गलबताने मुंबईला यायचा. 1834 साली जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं तेव्हाच्या मुंबई समाचारात छापून आल्याचं सांगतात. आगगाडी ठाण्याला पोचायच्या 19 वर्षं आधीची ही गोष्ट. घरातली आजी "थंड पिऊ नकोस, घसा धरेल" म्हणते तेव्हा तिच्या बाजूने एवढा जुना पुरावा आहे, म्हणून वाद घालू नये. गोदरेजने 1958 मध्ये देशी बनावटीचा फ्रीज बाजारात आणला, तरी पुढची दोन-तीन दशकं इमारतीत एखाद्याच घरी फ्रीज असायचा आणि उन्हाळ्यात पाहुणे आले की मुलांना स्टीलचा डबा घेऊन त्या घरी पिटाळायचे. त्या घरच्या काकू बर्फ द्यायच्या आणि डब्याबरोबर कोण आलंय, किती जण आलेत, जेवायला थांबणार का, हेही काढून घ्यायच्या.

ट्रे

बर्फ करण्याची साधनं चार. पहिलं, अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे आणि त्यावर खटका. खटका वर ओढला की कर्रकन आवाज होऊन चौकोन सुटतात, आणि बोटाची कातडी ट्रेला चिकटते. हा ट्रे आता फक्त माळ्यावर सापडतो. दुसरं, प्लॅस्टिकचा साधा ट्रे, जो पिळल्यावर बर्फ सुटतो किंवा ट्रे तरी तुटतो. तिसरं, फ्रीजबरोबर मिळणारा ट्विस्टवाला साचा: वरच्या खणात पाणी भरा, गोठल्यावर बाजूची मूठ फिरवा, खालच्या डब्यात खडे पडतात. चौथं, आपोआप बर्फ करणारं यंत्र. त्याची कथा थोडी पुढे येते.

पाणी काठोकाठ भरू नये. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, हे शाळेत शिकून झालेलं असतं. तरी दर एप्रिलमध्ये घरोघरी एक काचेची बाटली "पाच मिनिटांत काढतो" म्हणून आत जाते आणि दुसऱ्या दिवशी तुकड्या-तुकड्याने बाहेर येते. ट्रे तीन-चतुर्थांश भरा. भरल्यावर त्याचं बूड कोरडं पुसा. हे कोणी करत नाही. नळापासून फ्रीजरपर्यंतच्या चार पावलांत थोडं पाणी सांडतं, ते ट्रेखाली गोठतं, आणि ट्रे फ्रीजरच्या जमिनीला कायमचा जडतो. मग पाहुणे हॉलमध्ये पन्ह्याचे रिकामे ग्लास घेऊन बसलेले असतात आणि आत दोन माणसं उलथन्याचा दांडा घालून ट्रे उचकटत असतात. अशा वेळी उलथनं ठेवा, एक फडकं कोमट पाण्यात पिळा आणि ट्रेच्या कडेला धरा. मिनिटभरात सुटतो.

बर्फाच्या मधोमध पांढुरकं का दिसतं, असं मुलं विचारतात. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यात विरघळलेली हवा आणि क्षार मध्यभागी रेटत नेतं. शेवटी ते तिथेच अडकतात. उल्हास नदीचं नळाचं पाणी असेल तर हा डाग लहान असतो. टँकरचं किंवा बोअरचं असेल तर खडा विरघळल्यावर सरबताच्या तळाशी पांढरी भुकटी उरते. पाहुण्यांनी विचारलं तर ते सैंधव आहे म्हणून सांगावं.

आता वासाविषयी. बर्फ आजूबाजूचा वास धरतो. फ्रीजरात झाकण नसलेला ट्रे आणि शेजारी एका पिशवीतले बोंबील असा संसार दोन दिवस चालला, तर कोकम सरबतातून कोळीवाडा येतो. पण अलीकडे याहून मोठं संकट उभं राहिलं आहे. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो: आलं-लसूण-मिरचीचं वाटण बर्फाच्या साच्यात घाला, गोठवा, लागेल तेव्हा एक वडी काढा. कल्पना झकास आहे, वेळ वाचतो, वाटण महिनाभर टिकतं. फक्त त्या साच्यात पुन्हा पाणी भरायचं नसतं, हे व्हिडिओत सांगत नाहीत. नवशिक्याने घरात दोन साचे ठेवावेत आणि वाटणाच्या साच्यावर लाल ऑइलपेंटने खूण करावी. खूण केली तरी शनिवारी संध्याकाळी मित्र आल्यावर घरातला पुरुष नेमका तोच साचा उचलतो.

आपोआप बर्फ करणारं यंत्र

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये दोन दारांचे, कपाटाएवढे फ्रीज आले आणि त्यांच्या छातीत बर्फ टाकणारं भोक. पेला दाबला की खडे घरंगळत येतात. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकाला हे दाखवतात. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही.

यात दोन जाती आहेत. एकीला नळाची बारीक जोडणी लागते. दुसरीत आत टाकी असते, ती हाताने भरायची. जोडणीवाली घेतली असेल तर पाणीकपातीचं वेळापत्रक तोंडपाठ हवं. एमआयडीसीचं पाणी गुरुवारी रात्री बारा ते शुक्रवारी रात्री बारा बंद, हे वाक्य कळवा, मुंब्रा, दिव्यातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पाणी परत आलं की पहिलं गढूळ पाणी आणि नळीतली हवा यंत्रात जाते. खडे पोकळ, लहान किंवा एकमेकांना चिकटलेले पडतात. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ मोरीत टाकावा आणि फिल्टर वेळेवर बदलावा. नवीन यंत्राचा पहिला बर्फही असाच टाकायचा असतो.

टाकीवाल्या यंत्रात अडचण वेगळी. टाकी कोणी भरायची? शब्द "आपोआप" असला तरी घरातल्या प्रत्येकाच्या मते ते काम दुसऱ्या कोणाचं तरी असतं. दोन महिन्यांनी टाकी कोरडी, खडे गोठून एक अखंड ढेप, आणि भोकातून नुसता घर्रघर्र आवाज. बराच काळ वापर नसेल तर यंत्र बंद करून डबा रिकामा करून ठेवावा. बहुतेक घरांत ते बंदच असतं आणि त्या डब्यात चिंचेचा गोळा.

जागेचा ताबा

हा भाग अवघड आहे. तो घाईने वाचू नये.

फ्रीजरची खरी मालकी कोणाची, हे बिलावरच्या नावावरून ठरत नाही. नवीन सुनेने आइस्क्रीमचा डबा ठेवण्यासाठी जागा करायला म्हणून काही बाहेर काढलं, तर आतून आवाज येतो, "अगं, ते राहू दे. ते मनूसाठी आहे." मनू न्यू जर्सीत आहे. तो डिसेंबरात येणार आहे. आता जून चालू आहे आणि ज्याला हात लागला तो हापूसचा रस आहे.

ही आरक्षणाची पद्धत डोंबिवलीत, जिथे जिन्यागणिक एक तरी मूल परदेशी असतं, पक्की रुजली आहे. मेच्या अखेरीस पेटीतले शेवटचे आंबे रसात जातात, रस साखर घालून सपाट डब्यात, डबा फ्रीजरच्या तळाशी. जानेवारीत मटार स्वस्त झाले की दुपारभर वर्तमानपत्र पसरून सोलले जातात. सोललेले मटार तसेच गोठवू नयेत. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात बुडवावेत, नीट निथळून मग पिशवीत भरावेत. रंग आणि गोडी टिकते. मनू परत जाताना गाडी उलटी फिरते: आठ दिवस आधीपासून पुरणपोळ्या, ओल्या नारळाच्या करंज्या, सुरळीच्या वड्यासुद्धा दगडासारख्या गोठवतात आणि वर्तमानपत्राच्या सात थरांत बांधून बॅगेच्या पोटात घालतात. त्या आठ दिवसांत घरातल्या कोणीही बर्फाचं नाव काढू नये.

ज्या घरात मासे खातात तिथे पंचांग आणि फ्रीजर यांची सांगड घालावी लागते. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून मेच्या शेवटच्या रविवारी ठाण्याच्या आणि डोंबिवली पश्चिमेच्या मासळी बाजारातून जादा सुरमई येते. साफ करून, हळद-मीठ लावून, एका वेळेला लागेल तेवढीच एका पिशवीत. सगळी एकत्र गोठवली की चार तुकड्यांसाठी अख्खा मासा विरघळवावा लागतो, आणि एकदा विरघळलेला मासा पुन्हा आत ठेवू नये. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात, आणि बाहेर आले की उरलेलं काम हातात घेतात. हा साठा दीप अमावस्येपर्यंत संपला पाहिजे. श्रावण लागला की फ्रीजर सोड्याच्या पाण्याने पुसून निघतो आणि तिथे उकडीच्या मोदकांचं सारण येतं. ज्या घरात सासूबाई शाकाहारी आणि सूनबाई मालवणच्या, तिथे पिशवीवर पिशवी, तिच्यावर डबा, डब्यावर झाकण, आणि दोघींनीही त्या डब्याचा उल्लेख "ते" असा करायचा. घर टिकवायचं असेल तर हे फार उपयोगी पडतं.

डब्यांवर नाव आणि तारीख लिहावी. कॅलेंडरचं जुनं पान फाडून चिठ्ठी करतात ती दोन दिवसांत भिजून गळते, म्हणून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणि बॉलपेन वापरा. नाहीतर वर्षाने एक हिरवट गोळा निघतो आणि घरात तीन मतं पडतात: पालकाची प्युरी, पुदिन्याची चटणी, किंवा मागच्या भाडेकरूंचं काहीतरी.

वीज गेल्यावर

2005 नंतरची काही वर्षं भारनियमनात काढलेल्या कल्याणकराला हा धडा वाचायची गरज नाही. नवीन पिढीला मात्र वीज जाणं म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर "लाइट गेली का?" असं विचारणं एवढंच ठाऊक.

वीज गेली की फ्रीजरचं दार उघडायचं नाही. बस. पण माणसाचा स्वभाव असा की वीज जाताच तो आत सगळं ठीक आहे ना, हे पाहायला दार उघडतो, दर अर्ध्या तासाने. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर बराच वेळ तग धरतो, कारण आतला प्रत्येक डबा हाच एक बर्फाचा ठोकळा असतो. अर्धा रिकामा लवकर हार मानतो. 12 ऑक्टोबर 2020 ला, सोमवारी सकाळी, कळवा-पडघा दरम्यानच्या उच्चदाबाच्या वाहिन्या बंद पडून मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. अधिक महिना चालू होता, जावयाच्या अनारशांची तयारी कितीतरी घरांत अर्धवट होती. त्या दिवशी ज्यांचे फ्रीजर सासूबाईंच्या साठेबाजीने ठासून भरलेले होते, त्यांचंच सामान जास्त टिकलं असणार. शास्त्र या बाबतीत सासूबाईंच्या बाजूने आहे, आणि त्यांना हे सांगू नये.

गणपतीला कोकणात जाताना एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर सगळं शाबूत. तळाशी गेलेलं दिसलं तर मधे वीज जाऊन सगळं विरघळलं आणि पुन्हा गोठलं, हे ओळखून मासे आणि दुधाचे पदार्थ निमूट टाकून द्यावेत. रुपया धुऊन घ्यावा.

बर्फाची भिंत

फ्रॉस्ट-फ्री फ्रीज स्वतःचा बर्फ स्वतः वितळवतो. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये ते काम आपलं. थर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा झाला की तो थंडी आत येऊ देत नाही, कंप्रेसर जास्त चालतो आणि बिल वाढतं. थर्मोस्टॅटच्या बटणाच्या मधोमध एक छोटं बटण असतं, ते दाबायचं, खाली जुने टॉवेल घालायचे आणि वाट पाहायची. लवकर हवं असेल तर गरम पाण्याचं पातेलं आत ठेवा.

सुरी लावू नका. स्क्रूड्रायव्हर लावू नका. नारळाची खोवणी तर मुळीच लावू नका. त्या बर्फाच्या मागे पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात गॅसच्या वाहिन्या असतात. फुस्स असा बारीक आवाज आला की समजावं, फ्रीजची किंमत एका क्षणात भंगाराच्या भावावर आली. हल्लीच्या फ्रीजमध्ये आयसोब्यूटेन असतो, तो पेट घेतो. आवाज आला तर खिडक्या उघडा आणि आसपासचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

मग मिस्त्री बोलवावा लागतो. मिस्त्री दार उघडतो, हात आत घालतो आणि म्हणतो, "गॅस गेलाय." हे निदान आहे की अभिवादन, ते नीट कळत नाही, टीव्ही दाखवला तरी बहुधा तो हेच म्हणेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच: गॅस वापरून संपत नाही, बंद नळीत तोच फिरत असतो. गेला असेल तर कुठेतरी छिद्र आहे. "आधी गळती कुठे आहे ते दाखवा, मग भरा" असं शांतपणे म्हणावं. बऱ्याचदा गॅस नव्हे, दाराचं रबर गेलेलं असतं. दहाची नोट दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर ढिलं आहे, कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पाहा आणि तरीही ढिलंच राहिलं तर बदला. पाचशेची नोट वापरू नये, मिस्त्री बघत असतो.

मागे वाका

फ्रीजच्या मागे, कंप्रेसरच्या वर, एक प्लॅस्टिकचा ट्रे असतो ज्यात वितळलेलं पाणी साठतं. तो आहे हे बहुतेकांना पालिकेच्या आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या शोधत घरी येतात तेव्हा कळतं. "कुंड्यांत पाणी नाही हो आमच्या" असं आपण अभिमानाने सांगतो, आणि तो माणूस कुंड्यांकडे न बघता थेट फ्रीजमागे बॅटरी मारतो. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला हा ट्रे ओतून, घासून, कोरडा करायचा. पहिल्यांदा काढाल तेव्हा त्यात एक हरवलेलं कानातलं आणि दोन गॅसबिलं सापडण्याची तयारी ठेवा.

बाहेरचा बर्फ

घरचा पुरत नसेल तर बाजारातून आणता येतो, पण रंग बघून. 2018 पासून महाराष्ट्रात खाण्यालायक नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं झालं. गोळेवाल्याकडचा काला-खट्टा लावण्याआधीचा बर्फ एकदा नीट पाहून घ्यावा. लावल्यानंतर कुठलाच रंग ओळखू येत नाही.

कोणी बर्फ मागायला आलं तर

येणारच. आता ते सरबतासाठी येत नाहीत. स्टेशनच्या जिन्यावर पाय मुरगळलेला असतो, शाळेतून आलेल्या मुलाच्या कपाळावर टेंगूळ असतं. "वहिनी, थोडा बर्फ आहे का हो?" आपण मोठ्या उमेदीने फ्रीजर उघडतो. नारळ आहे, रस आहे, सारण आहे, वाटणाच्या वड्या आहेत, मनूच्या करंज्या आहेत. बर्फाचा ट्रे आहे, तो रिकामा आहे, कारण शेवटचा खडा ज्याने काढला त्याने पाणी न भरताच तो परत ठेवला.

अशा वेळी गोठलेल्या मटारांची पिशवी द्यावी. ती सांध्याभोवती नीट बसते, बर्फापेक्षा चांगली. कापडात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, असंही सांगावं. पिशवी परत आली की तिच्यावर चिकटपट्टीने "पायाचे" असं लिहावं आणि ती दाराच्या खणात वेगळी ठेवावी. पुन्हा गोठवलेले ते मटार खायचे नसतात. तरी श्रावणातल्या एखाद्या सोमवारी भाजी काय करायची म्हणून घरातलं कोणीतरी तीच पिशवी काढेल, आणि लिहिलेलं वाचून विचारेल, "पायाचे मटार म्हणजे नवीन जात आली का गं बाजारात?"